काकांना विचारलंस का?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उशीर झाला, कारण तुझ्या शेवटच्या ओळीपाशी मी रोज अडकत होतो. ‘तू सांगशील तसं करतो.’ टोरोंटोची नोकरी घ्यावी, की काकू गेल्यापासून एकटे पडलेल्या काकांजवळ कराडला परत यावं? दोन्ही बाजू तू इतक्या मनापासून लिहिल्यास की वाचताना माझाच जीव कासावीस झाला.

२९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या एका व्याख्यानात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असताना तो मुलगा त्याच्याकडे आला होता. थोरला भाऊ १९४०च्या जर्मन चढाईत मारला गेलेला. वडील जर्मनांना सामील व्हायच्या बेतात, त्यामुळे आईशी बिनसलेले. तिला आता या एका मुलाचाच आधार. त्याला मात्र इंग्लंड गाठून जर्मनांशी लढणाऱ्या स्वतंत्र फ्रेंच फौजेत जायचं होतं. तो गेला तर आई खचणार. आणि वाटेत स्पेनमधल्या एखाद्या छावणीतच अडकून पडला, तर जाणंही फुकट. सार्त्रने त्याला एवढंच सांगितलं : तू मोकळा आहेस, तेव्हा निवड.

कॉलेजात असताना हे उत्तर मला निष्ठुर वाटलं होतं. पण त्याने पुढे जे म्हटलंय ते आता उमगतं. सल्ला कुणाला विचारायचा हे ठरवतानाच माणसाने अर्धा निर्णय केलेला असतो. धर्मगुरूकडे जावं, तर कोणत्या? काही जर्मनांना मिळालेले होते, काही प्रतिकार करणारे होते. मग तू मलाच का विचारलंस? तुझा दादा वीस वर्षं परदेशात आहे, त्याला नाही विचारलंस. मी आईसाठी गावात राहिलो असं सगळे मानतात, तूही मानतोस. म्हणजे माझ्याकडून तुला ‘परत ये’ हेच ऐकायचं असावं.

म्हणून आधी हे सांगायला हवं. २००९ साली हैदराबादला पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती, आठवतं? तू स्टेशनवर सोडायला येणार होतास. मी गेलो नाही. ‘आईला एकटीला कसं टाकू?’ असं तुला म्हणालो आणि पुढे पंधरा वर्षं सगळ्यांना हेच सांगत आलो. गेल्या दिवाळीत मामा आईला म्हणाले, “पोरानं तुझ्यापायी सगळ्यावर पाणी सोडलं.” आई चकल्या तळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मी कधी थांबवलं त्याला? त्यालाच जायचं नव्हतं. भ्याला होता तो.”

त्या रात्री झोप लागली नाही, कारण ते खरं होतं. मोठ्या विद्यापीठात, इंग्रजीत, आपण उघडे पडू ही भीती होती. राहण्यात वाईट काही नव्हतं. वाईट हे, की माझ्या निवडीचं ओझं मी तिच्या डोक्यावर ठेवलं. तिच्या डोळ्यांत थेंब घालतानासुद्धा माझ्या आवाजात उपकार असायचा. सार्त्र ज्याला आत्मवंचना म्हणतो, तिचं आपल्या घरांतलं नाव ‘नाइलाज’ आहे. दुसऱ्या दिवशी मी आईला म्हणालो, “तुझं बरोबर आहे.” ती म्हणाली, “इतकी वर्षं का लावलीस रे?” आणि रडली. शाळा तीच आहे, नववीचा वर्गही तोच. पण इथे मी राहायचं ठरवून राहिलोय हे आता स्वतःशी कबूल करतो, आणि सकाळी वर्गात शिरताना छाती जड होत नाही.

अस्सल जगणं म्हणजे चारचौघांना झुगारून मनाला येईल ते करणं, असं मात्र समजू नकोस. ‘लोक’ म्हणतील तसं जगताना माणूस स्वतःला कसा हरवतो, हे जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९२७च्या ग्रंथात फार खोलात जाऊन मांडलं. तोच हायडेगर १९३३ साली नाझी पक्षात गेला. हे विसरून मला त्याला वाचता येत नाही.

फ्रेंच लेखिका आणि तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हुआर मला अधिक जवळची वाटते. माणूस पोकळीत निवडत नाही, परिस्थितीत निवडतो, आणि स्वतःचं स्वातंत्र्य हवं असेल तर दुसऱ्याचंही हवं असावं लागतं, असं ती १९४७ साली लिहिते. तिच्या देशात बायकांना मताचा हक्क मिळाला तोच मुळी १९४४ साली. दुसऱ्यांनी आपलं आयुष्य ठरवणं काय असतं हे तिला ठाऊक होतं. तिचं वाचून तुझं पत्र पुन्हा काढलं. चार पानांत घराचे हप्ते आहेत, काकांचा गुडघा आहे, तुझी घालमेल आहे. काकांना काय हवंय याची एक ओळ नाही. वहिनींना काय हवंय याचीही नाही. माझ्या आईला मीही कधी विचारलं नव्हतं.

रविवारी काकांकडे जाणार आहे, त्यांचा नवा चष्मा आणून द्यायचाय. यातलं मी त्यांच्याशी काही बोलणार नाही, ते तुझं तू विचार. फोन रात्री साडेआठनंतर कर. त्याआधी ते बातम्या मोठ्याने लावून बसतात, त्यांना नीट ऐकू येत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
कराडचा मित्र