वाटपानंतरचे काय? दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नाशिकच्या सिडकोत राहणारा, जन्मांध, कला शाखेचा पदवीधर असून दोन वर्षांपासून नोकरीच्या शोधात आहे. गेल्या पावसाळ्यात अंबडच्या एका कंपनीत डेटा एन्ट्रीच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो होतो. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि पेन ड्राइव्हवरूनही चालते, म्हणून ते खिशात घालूनच निघालो होतो. मात्र सुरक्षेसाठी तिथल्या संगणकांवर पेन ड्राइव्ह बंद केलेला होता आणि तो सुरू करून देऊ शकणारे गृहस्थ नेमके रजेवर होते. वीस मिनिटे मी मुक्या संगणकापुढे बसून राहिलो. माझा टायपिंगचा वेग कोणी तपासलाच नाही, 'कळवतो' म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती, पण अडचण नेमकी काय आहे हे समजावणारे तिथे कोणी नव्हते, आणि उमेदवाराने स्वतः सांगितले की ती गयावया वाटते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्क्यांवर नेले आणि वाजवी सोय नाकारणे हाही भेदभावच ठरवला. २०२२ मध्ये आपल्या राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, याचे आम्ही मनापासून स्वागत केले. साधनांच्या बाबतीत मात्र रीत अजून वाटपाचीच आहे. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेत आधी तपासणी शिबिर भरते, पुढे कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीचे साहित्य येते आणि मग मंडप घालून वाटप होते. (हारतुरे मला दिसत नाहीत, भाषणे मात्र सगळी ऐकू येतात.)

सातपूरच्या एका कारखान्यात लागलेल्या माझ्या कर्णबधिर मित्राचे शिबिरात मिळालेले श्रवणयंत्र आज कपाटात पडून आहे. श्रवणयंत्र म्हणजे काही सायकल नव्हे, की दिली आणि चालवली. ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, पाहून त्याचा आवाज जुळवावा लागतो, कानाचे माप घेऊन कानात बसणारा मोल्ड करावा लागतो आणि ऐकण्याची सवय व्हायला काही आठवडे जातात. यातले काहीच न झाल्याने प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या विभागात, त्याला माणसाचे बोलणे कळेना, नुसता खडखडाट दुप्पट झाला. पुढे पावसाळी ओलीने यंत्र बिघडले, तेव्हा ते कोणाकडे न्यायचे हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून विनंती अशी की, नाशिकमध्ये एक बारमाही केंद्र सुरू करावे, जिथे साधन घेण्याआधी हाताळून पाहता येईल, मुलाखतीसाठी किंवा नोकरीच्या पहिल्या महिन्यासाठी उसने नेता येईल आणि बिघडले तर दुरुस्तही होईल. याहून महत्त्वाचे म्हणजे केंद्रातला एक तंत्रज्ञ उमेदवाराबरोबर कंपनीत जावा. माझ्या बाबतीत त्याचे काम दहा मिनिटांचे होते. अमेरिकेत १९९८ च्या सहायक तंत्रज्ञान कायद्याखाली प्रत्येक राज्यात अशी प्रात्यक्षिकाची आणि उसनवारीची सोय आहे. आपल्याकडे पैशाची वाट अगदीच बंद नाही, कारण महापालिकांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा, असे शासनाचेच धोरण आहे.

जाता जाता एक फुकटातले काम सांगतो. अनेक कार्यालये नोकरभरतीच्या जाहिराती कागद स्कॅन करून संकेतस्थळावर टाकतात. पानभर मजकूर असतो आणि माझा संगणक सांगतो, कागद कोरा आहे. तोच मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला अक्षरे म्हणून वाचता येतील अशा रूपात, टाईप करून टाकावा, एवढे एक परिपत्रक आपण काढू शकाल.

पुढच्या आठवड्यात मला आणखी एका कंपनीचे बोलावणे आहे. पेन ड्राइव्ह चालेल ना, हे या वेळी मी आधीच फोन करून विचारले आहे. 'बघून सांगतो' म्हणाले आहेत.

आपला नम्र,
नाशिकचा एक अंध उमेदवार