गूगल, यूट्यूब आणि आई-बाबा

मेहकर, रविवार

चि. तन्वीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लोणारच्या उल्का-विवराचा प्रकल्प व्हॉट्सअ‍ॅपवर आला. मला मोबाइलवर वाचवत नाही, म्हणून बाबांनी प्रिंट काढून आणली. विवराची आकृती झकास जमलीय. अडले ते शेवटच्या पानावर. ‘संदर्भसूची : गूगल, यूट्यूब, विकिपीडिया, आई-बाबांचे मार्गदर्शन.’ आम्ही काय मार्गदर्शन केलं ते आम्हालाच आठवेना! आणि गूगल हा संदर्भ नव्हे गं. कुणी गाव विचारलं तर तू ‘एस.टी. स्टँड’ सांगशील का? तिथून नुसती गाडी मिळते.

पान 3 वर विवराचं वय 52 हजार वर्षं आहे आणि पान 7 वर 5 लाख 70 हजार. बाबा म्हणाले, टायपिंगची चूक असेल. मला तसं वाटेना, म्हणून शोधलं. दोन्ही आकडे खरोखर छापलेले आहेत. 52 हजार हा आधीचा, थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने, म्हणजे खडक तापवल्यावर निघणारा प्रकाश मोजून काढलेला. 5 लाख 70 हजार हा अलीकडचा. उल्केच्या आघातात वितळलेल्या खडकात साठलेला आर्गॉन वायू मोजून काढलेला. तू दोन जागांहून दोन आकडे उचललेस आणि जागा लिहून ठेवल्या नाहीस, म्हणून ते तुझ्याच वहीत भांडतायत. प्रत्येकाशेजारी कुणी सांगितलं आणि कोणत्या वर्षी, एवढं आलं असतं तर हेच तुझ्या प्रकल्पातलं सगळ्यात वाचनीय पान झालं असतं.

गुलाबी पाण्याचंही तेच. तू लिहिलंयस की जून 2020 मध्ये शेवाळामुळे पाणी गुलाबी झालं. पहिल्या बातम्यांत तसा अंदाज होताच. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. म्हणजे बातमी वाचलीस तर तिची तारीख आधी बघ.

आता यादी कशी करायची ते. पुस्तकाचं मुखपृष्ठ बघून लिहू नकोस. आत शीर्षकपान असतं आणि त्याच्या मागे प्रकाशक, गाव, आवृत्ती, वर्ष. लेखकाचं आडनाव आधी, मग नाव, आणि यादी आडनावांच्या अकारविल्हे. ‘ज्ञ’ कुठे घालायचा यावर शब्दकोशांचंही एकमत नाही, कुणी ‘ज’मध्ये घालतं, कुणी ‘ह’च्याही पुढे, तू एक ठरव आणि तेच पाळ. विश्वकोशातली नोंद घेतलीस तर नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, ते घे. वेबसाइट असेल तर त्या पानाचं शीर्षक, पूर्ण पत्ता आणि तू ते कधी पाहिलंस ती तारीख, कारण विकिपीडियाचं पान आज एक असतं, उद्या दुसरं. व्हिडिओचं नाव आणि चॅनेल दोन्ही हवं.

आबांच्या ट्रंकेतल्या त्या जुन्या पुस्तकावर ‘शके 1845’ आहे. त्यात 78 मिळव, 1923 येईल. (पौष-माघातलं असेल तर 79 सुद्धा, पण इतकं खोलात नको.)

आणि हे सगळं शेवटच्या रात्री करायचं नसतं. मी डी.एड.ला असताना एका पुस्तकातला उतारा घेतला आणि पान नंबर लिहिला नाही. बाईंनी वही परत केली. त्या एका आकड्यासाठी बसने 40 किलोमीटर जाऊन आले, तर पुस्तक कुणीतरी घरी नेलेलं! उतारा उतरवलास की त्याच ओळीखाली पुस्तक आणि पान लिही, आणि शब्द जसेच्या तसे असतील तर अवतरणचिन्ह घाल. अवतरणचिन्हाशिवाय ते तुझे ठरतात, आणि तुझे नसतात. तुझा पान 5 वरचा दुसरा परिच्छेद असाच आहे. नववीतली मुलगी ‘तद्वतच’ लिहीत नाही.

आबांनी सांगितलेली गोमुखाची, म्हणजे विवराच्या काठावरच्या त्या झऱ्याची आठवणही छापील संदर्भाइतकीच नोंदवण्यासारखी आहे. नाव, गाव, बोलणं कधी झालं ती तारीख घाल. वय घालू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, ‘घाल, पण शकात.’

डबा बुधवारी बाबांबरोबर पाठवते. वाचनालयातलं लोणारचं पुस्तकही त्यातच आहे. 20 तारखेला परत द्यायचंय, त्यात पेन्सिलने खुणा करू नकोस.

तुझी,
आई