परतीचं तिकीट काढण्याआधी

सोलापूर,
दि. १९ जानेवारी २०२६

प्रिय मल्लू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी होम मैदानावर होतो. गड्डा जत्रेतल्या पाळण्यांच्या आणि पिपाण्यांच्या गोंगाटात तुझं निम्मं बोलणं वाहून गेलं. कळलं ते एवढंच की जूनमध्ये तू आणि वहिनी धाकट्याकडे लंडनला निघालात, परतीला तो प्रीमियम इकॉनॉमी, म्हणजे साध्या आणि बिझनेसच्या मधला वर्ग, काढतो म्हणाला, वर विमानतळावर लाउंजही, म्हणजे आरामात बसायचा खास कक्ष, आणि तू त्याला ‘पैसे वर आलेत का’ म्हणून झापलंस. पुण्याला राहायला गेलास तरी अक्कलकोट रोडचा टॉवेल कारखानदार काही तुझ्यातून जात नाही बे. आम्ही दोघं नुकतेच तसेच आलोय म्हणून सविस्तर लिहितो. फोनवर तू मध्येच तोडतोस, पत्रात ती सोय नाही.

आधी लाउंजचं. प्रीमियम इकॉनॉमीच्या तिकिटात बहुतेक कंपन्या लाउंज देत नाहीत, ते बिझनेसवाल्यांचं. बाकीच्यांनी कार्डावर जायचं नाहीतर पैसे भरायचे. आमच्या लेकीने हीथ्रोवर आमच्यासाठी आधीच पैसे भरून ठेवले होते, माणशी चाळीस पौंडांच्या पुढे, तीन तासांसाठी. मला आकडा कळला तो आत जाऊन बसल्यावर. आधी कळला असता तर मी बाहेरच्या बाकड्यावर बसलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आत काय, तर मऊ खुर्च्या, मंद दिवे, भरपूर माणसं. जावई सांगत होता की असलं पहिलं लाउंज न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली निघालं आणि तेव्हा आमंत्रणाशिवाय आत पाऊल ठेवता येत नव्हतं. आता आमंत्रण बँका वाटतात. आपल्याकडे मुंबईला लाउंजच्या दाराशी कशी रांग लागते ते तू पाहिलंयस. शेवटी बँकांनाच अटी घालाव्या लागल्या, की आधी एवढा खर्च करा मग फुकट बसा. हीथ्रोला रांग नव्हती, पण खुर्ची मिळवायला ही पुढे आणि मी सामान घेऊन मागे, असं एसटीतल्यासारखं करावं लागलं. जेवण मांडलेलं: सूप, पास्ता, भात, करी म्हणून काहीतरी पिवळं, चीज, केक. लोक ताटं भरभरून घेत होते. पैसे वसूल करायचे म्हणून पोटाला शिक्षा. हिने सूप आणि एक पाव घेतला आणि हळूच विचारलं, ‘‘म्हणजे हे पाच हजाराचं सूप का हो?’’ मी गप्प.

एक मात्र तिथे पटलं, ते म्हणजे आंघोळ. सकाळपासून आवराआवर, नातवाला शाळेत सोडणं, सामानाचं वजन करणं, मग गाडीतून ट्रॅफिकमध्ये दोन तास. अंग आंबून गेलेलं. काउंटरवर सांगितलं की न्हाणीघराची किल्ली देतात आणि नंबर लावावा लागतो. गरम पाणी अंगावर घेतलं आणि कपडे बदलले, तेव्हा रात्रभर बसायला माणूस तयार झाला. आणि मल्लू, मग मी टॉवेल हातात घेतला. तू असतास तर काय केलं असतंस ते सगळं केलं. उजेडात धरला, उलटा केला, काठ चाचपले. पांढरा टेरी, डॉबी बॉर्डर म्हणजे विणलेली नक्षीची पट्टी नाही, काठ साधे मुडपून शिवलेले, आणि लूप असे आडवे झोपलेले की एका बाजूला बोट फिरवलं तर गुळगुळीत, उलट्या बाजूला किंचित खरखरीत. अतिगरम पाण्यात शेकडो वेळा धुतल्यावर दुसरं काय होणार. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं वजन, तू हातात घेऊन सांगितला असतास, मला तेवढा अंदाज नाही. लेबल बघितलं, वाटलं एखादा ‘सोलापूर’ सापडेल. लेबल होतं, पण विणणाऱ्याचं नव्हे, भाड्याने कपडे पुरवून धुऊन देणाऱ्या कंपनीचं. माल कुणाचा, कुठल्या मागावरचा, काही पत्ता नाही. तो टॉवेल अक्कलकोट रोडवरचा नव्हता, एवढं मी तुला खात्रीने सांगू शकत नाही आणि होता असंही म्हणवत नाही. बाहेर आल्यावर हिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘आंघोळीला गेला होतात की ऑर्डर घ्यायला?’’

तिथे एक गोष्ट लक्षात ठेव. बऱ्याच लाउंजमध्ये विमानाची घोषणा करत नाहीत. शांतता राखायची म्हणून. फलकावर आपणच लक्ष ठेवायचं, आणि हीथ्रोला गेट एवढं लांब असू शकतं की वहिनींच्या गुडघ्यांच्या हिशेबाने अर्धा तास आधी निघा. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवलीस तर आणखी बरं. त्यात लाज कसली?

आता विमान. प्रीमियम इकॉनॉमी म्हणजे झोपायची जागा नव्हे, हे धाकट्याने तुला सांगितलं नसेल. आडवं होता येतं ते बिझनेसमध्ये. ही खुर्चीच, पण ऐसपैस. पुढच्या खुर्चीचा आणि आपल्या खुर्चीचा जो अंतराचा हिशेब असतो, तो इकॉनॉमीत साधारण ३१ इंचांचा, इथे ३८ च्या आसपास. सात इंच ऐकायला काहीच नाही. पण पुढच्याने खुर्ची मागे टाकली की इकॉनॉमीत त्याचं डोकं आपल्या ताटात येतं आणि इथे येत नाही. रुंदी दीड-दोन बोटंच जास्त असेल. हाताच्या टेकूवरून शेजाऱ्याशी कोपरयुद्ध मात्र होत नाही. मोठ्या विमानात कडेला दोन-दोनच खुर्च्या असतात. कडेच्याच घे. दोघंच असता, तिसऱ्याला ‘जरा उठता का’ म्हणावं लागत नाही, आणि आपल्या वयात रात्री किती वेळा उठावं लागतं हे मी तुला सांगायला नको.

एकदम पहिल्या रांगेच्या मोहात पडू नकोस. पाय पसरायला जागा असते खरी, पण तिथे ताटाचा ट्रे हाताच्या टेकूत बसवलेला असतो, त्यामुळे टेकू वर उचलता येत नाही आणि बसायची जागा थोडी आवळते. पायाखालच्या दांडीचं म्हणशील तर, हिचे पाय इकॉनॉमीत जमिनीला नीट टेकतच नाहीत, लोंबकळून सकाळी घोटे सुजतात. इथे त्या दांडीवर तळवे टेकले आणि बाई झोपली. मला मात्र पोटऱ्यांखालून जो पट्टा वर येतो तो नको तिथेच टोचत होता. उंच माणसाने तो दाबून खाली करावा.

जेवणाची गंमत सांगतो, कारण इथे तू नक्की फसशील. तिकिटाबरोबर जेवण नोंदवताना यादीत ‘हिंदू मील’ दिसतं. ते शाकाहारी नव्हे! गोमांस नसतं एवढंच, चिकन-मटण असू शकतं. वहिनींसाठी ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन’ असं लिहा. आमच्या पुढच्या रांगेत एक सोवळ्यातल्या आजी हिंदू मीलचं झाकण उघडून बसल्या होत्या आणि हवाई सुंदरी बिचारी त्यांना समजावत होती. शेवटी हिने आपल्या ताटातली भाजी दिली. खास जेवण सगळ्यांच्या आधी येतं, हा एक फायदा. इथे काचेचा पेला आणि धातूचे काटे-चमचे मिळतात, चव तीच. ते स्वयंपाक्याचं एकट्याचं पाप नाही म्हणा. त्या कोरड्या हवेत आणि इंजिनाच्या घरघरीत जिभेला मीठ आणि साखर कमी लागते, म्हणून विमानात लोक एरवी पीत नाहीत तो टोमॅटोचा रस मागून मागून पितात. आमच्याकडे त्यावर तोड होती. लेकीला नेलेल्या शेंगा चटणीतली मूठभर हिने पर्समध्ये ठेवली होती. पुडी उघडली आणि तीन रांगांना लसणाचा वास गेला. पलीकडच्या रांगेतल्या गुजराती गृहस्थाने मागून घेतली. कोरडी चटणी हातातल्या पिशवीत चालते, तेल घातलेली नेऊ नकोस. द्रव पदार्थांची कटकट २००६ पासून जी मागे लागलीय ती अजून सगळीकडून सुटलेली नाही.

झोप किती लागली? खरं सांगायचं तर रात्रच लहान असते. लंडनहून निघायचं नऊ-दहाच्या सुमारास, नऊ तासांचं उड्डाण, पण आपण पूर्वेला सूर्याच्या तोंडावर चाललेलो. जेवण आवरेपर्यंत दोन तास गेले, उतरायच्या आधी दीड तास दिवे लावून न्याहारी. मधले पाच तास काय ते आपले. त्या पाचांतले चार मी झोपलो, आणि ही घोरलीसुद्धा. मागच्या खेपेला इकॉनॉमीत आम्ही दोघं रात्रभर एकमेकांना ‘झोपलीस का’, ‘झोपलात का’ विचारत आलो होतो. मुंबईत उतरलो तेव्हा घड्याळात सकाळचे अकरा, शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेपाच. त्या तारेत इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, सगळं निभावलं आणि एकदाही एकमेकांवर ओरडलो नाही. बायकोशी न भांडता मुंबई विमानतळाबाहेर पडणं, हे माझ्या मते पैसे वसूल.

खुर्ची मोठी मिळाली म्हणून रात्रभर तिच्यातच रुतून बसू नकोस. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसलं की पायात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, आणि गाठ तिकिटाचा वर्ग विचारत नाही. तुझ्या पायांच्या शिरांचं डॉक्टरांना आधी विचार, ते मोजे देतील. मी दर वेळी उठलो की मागच्या पडद्यापर्यंत दोन फेऱ्या मारायचो. तो पडदा बघून मात्र कसंतरी झालं. पलीकडे एक पोरगी कडेवर लेकरू घेऊन उभीच होती, झोपवत. माझे वडील लक्ष्मी-विष्णू मिलमधून सुटीला मुंबईला जायचे ते पॅसेंजरच्या जनरल डब्यात, दाराशी बसून. त्यांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, ‘पडद्याच्या अलीकडे बसून काय वेगळ्या गावाला उतरणार आहेस?’ बरोबर आहे. पण त्यांच्या गुडघ्याला त्या दाराशी बसण्यानेच वाट लागली होती, हेही खरं.

आता तुझ्या आवडीचा विषय, पैसे. इंग्लंड सरकार तिथून उडणाऱ्यांवर एअर पॅसेंजर ड्यूटी नावाचा कर लावतं. तिकीट भारतातून काढलं तरी परतीच्या बाजूला ती लागतेच. भारताच्या अंतराला सर्वांत खालच्या वर्गाला सध्या ९० पौंड, आणि त्याच्या वरच्या वर्गाला, म्हणजे प्रीमियम इकॉनॉमीला सुद्धा, २१६. एप्रिलपासून ते १०२ आणि २४४ होणार, म्हणजे तुम्ही निघाल तेव्हा हा नवा दर. खुर्ची सात इंच वाढली तर कर दुपटीच्या वर! नेमका रात्रीच्याच बाजूला हा भुर्दंड. तरीही माझं मत ऐक: जाताना दिवसाचं विमान घ्या आणि साध्या इकॉनॉमीत बसा, दिवसा कुठे झोपायचंय. येताना रात्रीच्या खुर्चीवर खर्च होऊ दे. लाउंजवर मात्र नको. दुपारची आंघोळ उशिरा करून निघालात तर ते पैसे वाचले. विमान चार-चार तास लांबलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा तिथे दारातही पैसे घेतात.

मुंबईहून पुढे आम्ही वंदे भारत धरली. दुपारी चार पाचला सीएसएमटीहून सुटते, तुम्ही पुण्याला उतराल, आम्ही रात्री पावणेअकराच्या आत सोलापूर. बुधवारी ती मुंबईहून नसते, तारीख बघून घे. टर्मिनल दोनपासून सीएसएमटीपर्यंत आता भुयारी मेट्रो थेट जाते, पण चार बॅगा असतील तर टॅक्सीने दादरला जा, गाडी तिथे थांबते. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गेल्या ऑक्टोबरपासून मुंबईचं विमान सुरू झालंय, पण आमच्या वेळेशी जुळेना. विमानांच्या आड येणाऱ्या साखर कारखान्याच्या ज्या चिमणीवरून आपण नाक्यावर एवढे वाद घातले, ती २०२३ ला पाडली, आणि आता विमान आहे तर आम्हीच रेल्वेने आलो!

सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला वेळेत पोचलो, नंदीध्वजाच्या काठ्या डोळे भरून पाहिल्या. तू यंदा नव्हतास, याबद्दल इथे आल्यावर बोलू. शेतात ज्वारी हुरड्यात आहे, महिनाअखेरपर्यंत तरी राहील. वहिनींना घेऊन रविवारी ये. येताना तुझ्याकडच्या जुन्या नमुन्यांतला एक जाड टॉवेल घेऊन ये, लेकीला पाठवायचाय. आणि धाकट्याला आज रात्रीच फोन कर, त्याने तिकीट अडवून ठेवलंय म्हणालास ना?

तुझा,
बंडू