बाबांच्या एमआरआयच्या आधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय करायला सांगितलाय आणि बाबा रोज पुढे ढकलतायत, हे आईकडून कळलं. फोनवर हे सगळं घाईत राहून जातं, म्हणून लिहितेय.

बाबा, २०१८ सालची मुंबईची ती बातमी तुमच्या मनात आहे, मला माहितीय. ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण मशीनकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. भीती खोटी नाही. एमआरआयचं मशीन म्हणजे एक मोठा चुंबक, आणि तो कधी बंद नसतो. दिवे घालवले, दाराला कुलूप लावलं, तरी दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीन रात्रभर पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळजवळ ३०,००० पट ताकदीने ओढतच असतं. पण लोखंड आत गेलंच नाही, तर ओढणार काय? एक्स-रेसारखे किरणही यात नसतात. एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट म्हणून माझं निम्मं काम दाराबाहेरच असतं, विचारायचं आणि तपासायचं.

सध्या अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका लहान गावात आहे. १३ आठवड्यांचा करार, मग दुसरं गाव. आई, तू म्हणतेस एका जागी बस. पण अशा गावांना कायमचा टेक्नॉलॉजिस्ट मिळत नाही गं, आणि कुणी आलंच नाही तर म्हाताऱ्या माणसांना तपासणीसाठी तास न् तास गाडी चालवत जावं लागतं. मला हे काम मनापासून आवडतं. मशीन बदलतं, नावं बदलतात. सीमेन्स कंपनीच्या मशीनवर स्कॅनच्या ज्या प्रकाराला ट्रू-फिस्प म्हणतात तोच जीई कंपनीच्या मशीनवर फिएस्टा होतो. ते हाताला लगेच बसतं.

मागच्या आठवड्यात एक शेतकरी आले होते, बाबांच्याच वयाचे. फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’. डोळ्यात धातू गेलाय का, तिथेही ‘नाही’. हात पाहिले, बोटांच्या पेरांत काळं मुरलेलं. विचारलं, ग्राइंडर चालवलाय का? म्हणाले, जन्मभर, अवजारं घरीच दुरुस्त करतो. तरुणपणी डॉक्टरांनी डोळ्यातून काहीतरी काढलंही होतं. डोळ्यांचा एक्स-रे काढला, तर बारीकसा पांढरा ठिपका दिसला. एमआरआय रद्द करून सीटी स्कॅन केला. तो कण आत हलला असता तर दृष्टी गेली असती.

बाबा, उद्यमनगरात तुम्ही आयुष्यभर लेथवर उभे होतात. चष्मा न लावता ग्राइंडिंग करायचात, आणि रात्री आई तुमच्या डोळ्यात गुलाबपाणी घालायची. तिथल्या टेक्नॉलॉजिस्टला हे आपणहून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. एक्स-रे काढायला लावला तर कटकट करू नका.

स्टेंटचं कार्ड फाईलमध्ये आहे, ते न्या. सहसा अडचण येत नाही, पण दाखवायचंच. कवळी, पट्टा, घड्याळ, किल्ल्या, सगळं आईकडे. आवाज खूप होतो, कानात बोळे मागून घ्या. अर्धा तास लागेल. हातात रबरी फुगा देतात, घाबरल्यासारखं झालं तर दाबा. बाहेरचा माणूस लगेच बोलतो. मीसुद्धा तेच करते.

आई, तारीख या आठवड्यातलीच घे. रिपोर्ट आणि सीडी दोन्ही मागून घे आणि रिपोर्टचे फोटो मला पाठव. तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा मी जागीच असेन.

तुमची
लेक