केसांच्या रिपोर्टवर कॅल्शियमच्या गोळ्या?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या सिडकोतल्या एका शिबिरात मी, बायको आणि आई तिघांनी केसांतल्या खनिजांची तपासणी करून घेतली, मानेजवळचे चिमूटभर केस कात्रीने कापले, पाकिटात टाकले, पंधरा दिवसांनी लाल-हिरव्या पट्ट्यांचा रिपोर्ट हातात. बायकोचं कॅल्शियम लाल पट्टीत (म्हणजे प्रमाणाबाहेर), माझं नॉर्मल, आणि लगेच तिला दोन हजारांच्या गोळ्या! अहो, बायकांच्या केसांत कॅल्शियम-मॅग्नेशियम पुरुषांपेक्षा सरासरी जास्तच सापडतं, वयानुसारही आकडे बदलतात, मग माझा आणि माझ्या ७२ वर्षांच्या आईचा आकडा एकाच पट्टीवर कसा काय मोजला? त्यात आमच्याकडे बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर बसतो, तोच क्षार केसांवरही बसणार ना. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे बायकोच्या कंबरेपर्यंतच्या वेणीचं टोक कितीतरी वर्षांचं पाणी, मेंदी, डाय झेललेलं (निदान तिचे केस मुळाशी कापले, आईचे तर टोकाचेच घेतले).

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात एकाच व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले होते, तर रिपोर्ट एकमेकांशी जुळेनात. पारा, आर्सेनिक शरीरात गेलं का हे बघायला केस उपयोगी पडतात, ते मान्य. पण त्यावरून गोळ्या विकायच्या? महापालिकेच्या आरोग्य विभागाने अशा शिबिरांत जरा डोकावावं ही विनंती.

गोळ्यांचा डबा अजून सीलबंद आहे, परत घेत नाहीयेत.

एक वाचक, नाशिक