बाबा, तुमच्या ‘मग?’चं उत्तर

नॅशव्हिल, रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

मी नवऱ्याला सोडलं, हा विषय फोनवर निघाला की आई रडते आणि तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणत फोन तिच्याकडे देता. म्हणून लिहायला बसले. बाबा, आधी तुम्ही एकटे वाचा, मग आईला सावकाश वाचून दाखवा.

दोन वर्षांपूर्वी मी ऑफिसच्या पार्किंगमधून तुम्हाला फोन केला होता. म्हणाले होते, मला त्या घरात राहवत नाही. तुम्ही विचारलंत, ‘हात उचलला का कधी?’ नाही. ‘दारू?’ नाही. जरा थांबलात आणि म्हणालात, ‘मग?’

तुमचा आवाज चढला नव्हता. उभी हयात कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला आधी पुरावाच आठवणार, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. दाखवायला वळ नाही, डॉक्टरचा कागद नाही. मग आईने फोन घेतला, ‘स्वभाव असतो गं एकेकाचा, सांभाळून घे’ म्हणाली. मी घेतलं सांभाळून. आणखी पावणेदोन वर्षं.

उत्तर मला सापडलं ते एका गाण्यात. तुम्ही गाण्यातले आहात, म्हणून नीट सांगते.

या गावाचं गाणं म्हणजे कंट्री. स्कॉटलंड-आयर्लंडकडून इकडच्या डोंगरांत येऊन राहिलेल्या लोकांनी आपली कथागीतं बरोबर आणली होती, त्यांना बॅलड म्हणतात. आपल्या पोवाड्यासारखी गोष्ट सांगतात, पण लढाईची कमी आणि घरातली जास्त. कंट्रीच्या मुळाशी ती आहेत. चाल साधी असते, तीन-चार कॉर्डवर सगळं गाणं उभं राहतं. साथीला पेडल स्टील नावाची आडवी गिटार असते. तारांवर लोखंडी दांडा सरकवायचा, पायाने पेडल दाबायचं, की सूर वाकत वाकत पुढच्या सुरात जातो. मींडच, बाबा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा तुमचीच आठवण आली.

इथे ब्लूबर्ड कॅफे नावाची जागा आहे. १९८२ पासून चालू आहे, दुकानांच्या साध्याशा रांगेत, जेमतेम नव्वद माणसं मावतील एवढी. गाणी लिहिणारे मधोमध गोल करून बसतात आणि आपलंच गाणं आळीपाळीने म्हणतात. ऐकणाऱ्यांनी बोलायचं नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या गाण्याला तुमच्या मांडीला मांडी लावून मी रात्रभर बसायचे, तेव्हा असायची तशी शांतता. ऑफिसातल्या एका बाईंनी आग्रह करून नेलं होतं. घरी मी कामाचं खोटं कारण सांगितलं होतं.

एक पन्नाशीची बाई होती. त्या रात्री पेडल स्टील वगैरे काही नव्हतं, नुसती तिची गिटार. पहिल्या कडव्यात गाण्यातली बायको स्वयंपाकघरात उभी आहे. बाहेर खडीवर नवऱ्याच्या गाडीची चाकं वाजतात, आणि त्या आवाजावरून तिला कळतं की आज कोणता माणूस दारातून आत येणार. धृपदात नवऱ्याचं एकच वाक्य आहे: मी नसतो तर तू कुठे असतीस? पहिल्यांदा ते येतं तेव्हा बाईला उपकारच वाटतात, कारण तिच्या गरीब गावातून तिला त्यानेच बाहेर काढलेलं. दुसऱ्यांदा चाल तीच, पण आता ती घाबरलेली. शेवटच्या कडव्यात ती दोन काउंटी ओलांडून पहाटे एका पेट्रोल पंपावर उभी आहे. हातात कॉफीचा कागदी कप. आता तीच म्हणते, तू नसतास तर मी कुठे असते? आणि आजूबाजूला बघते. पंप, रस्ता, उजाडत आलेलं आभाळ. इथे असते.

तुम्ही म्हणायचात, ठुमरीत एकच ओळ दहा वेळा घ्यायची आणि दर वेळी तिच्यातून वेगळं काही निघायला हवं. त्या बाईने तीनदाच घेतली. मला दुसऱ्या वेळेनंतर समोरचं दिसेना.

तिची खडी, तसं माझ्याकडे गॅरेजचं दार होतं. ते वर जायला लागलं की मी टीव्ही बंद करायची, फोन पालथा ठेवायची, गुणगुणत असले तर गप्प व्हायची. बाबा, मला कुणी गाऊ नको म्हटलं नव्हतं. तो फक्त कपाळाला आठी घालून दुसऱ्या खोलीत जायचा. वर्षभरात माझं गाणं आपोआप बंद झालं.

संध्याकाळी तो गाडीचं मीटर बघायचा. ऑफिस ते घर साडेअकरा मैल. तेरा भरले की ते दीड मैल कुठे गेले याचा हिशोब. रागावला की ओरडायचा नाही, अबोला धरायचा. एकदा एकवीस दिवस. एकाच टेबलावर दोन ताटं आणि मी जणू तिथे नाहीच. मित्रांत बसलो की माझं इंग्रजी दुरुस्त करायचा, सगळे हसायचे, आणि मीही हसायचे. तुम्ही दोघं तीन आठवडे राहून गेलात तेव्हा आईच्या पायाशी बसून त्याने तिच्या गुडघ्याला तेल लावलं होतं. तुम्हाला विमानतळावर सोडून परतताना गाडीत जे बोलला ते मी लिहीत नाही.

आणि ते ‘कुठे असतीस’ कागदावर तर खरंच होतं. पहिली चार वर्षं मी त्याच्या व्हिसाच्या आधारावर, एच-फोरवर होते. अशा बायकांना नोकरीची परवानगी मिळायला लागली तीच २०१५ पासून, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत पोचलं तर. ती फाइल त्याच्या कंपनीकडून पुढे जायची, म्हणजे किल्ली त्याच्या हातात. याची तो मला दर महिन्याला आठवण करून द्यायचा. पुढे नोकरी लागली, पण पगार जोडखात्यात जायचा आणि पासवर्ड त्याच्याकडे.

आई, तुला आजीच्या ओव्या आठवतात ना? पहाटे जात्यावर बसून ती सासूचं, नणंदेचं, नवऱ्याच्या मुकेपणाचं सगळं जात्याला सांगायची. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या जमवल्या. त्या वाचताना मला वाटायचं, बायकांनी हे कुणाला सांगितलं नाही असं नाही, ऐकायला फक्त जातंच होतं. ओवी संपली की पीठ भरून आजी उठायची ती चुलीकडे. तिला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. त्या पंपावरच्या बाईकडे गाडीची किल्ली होती, आणि माझ्याकडेही होती. हा फरक मला फार मोठा वाटला.

इथल्या बायकांनाही हे गाणं सुखाने मिळालेलं नाही. किटी वेल्स १९५२ मध्ये कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली, एकट्या गायिकेचं असं पहिल्यांदाच झालं. बाई बिघडते त्यात पुरुषाचाही हात असतो, एवढंच ते गाणं म्हणत होतं, तर एनबीसी रेडिओने ते वाजवायला नकार दिला. लॉरेटा लिन केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न झालेली. तिचं गर्भनिरोधक गोळीवरचं गाणं १९७५ मध्ये आलं आणि कितीतरी स्टेशनांनी लावलं नाही. तिने गायचं सोडलं नाही. मी त्यांची गाणी गाडीत ऐकायची, साडेअकरा मैल जाताना आणि साडेअकरा मैल येताना.

त्या रात्री मी घर सोडलं नाही. घरी गेले, भात लावला. त्यानंतर सात महिने गेले. आधी स्वतःच्या नावाचं खातं उघडलं. पासपोर्ट आणि लग्नाचे कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नेऊन ठेवले. वकिलाला भेटले. मग एका मंगळवारी तो कामावर गेल्यावर दोन बॅगा भरल्या आणि निघाले. टेबलावर चिठ्ठी ठेवली, चार ओळींची. शिवी नाही, आरोप नाही.

बाबा, कोर्टाच्या भाषेतही सांगते. २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तुमच्या नोकरीतच आला. त्याचं तिसरं कलम पुन्हा वाचा. शारीरिक छळ आहेच, पण शाब्दिक आणि भावनिक छळही आहे, आर्थिक छळही आहे. अपमान, टिंगल, आणि मूल नाही म्हणून टोमणे, हे शब्दशः लिहिलेलं आहे. मी इथे वाचलं तेव्हा शेवटच्या गोष्टीवर बोट ठेवून बराच वेळ बसले. आई, ते मी तुला कधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा ‘मग?’चं उत्तर हे आहे. त्याने हात उचलला नाही, आणि तरीही मला तिथून निघायला हवं होतं.

आता दोन मागण्या. सांगलीच्या आत्याला आणि शेजारी काकूंना मी प्रोजेक्टसाठी वेगळी राहते असं सांगू नका. नवऱ्याला सोडलं म्हणा. तुमच्या तोंडून ते निघालं की मला कुणासमोर मान खाली घालावी लागणार नाही. दुसरं, त्याचा फोन येईल. फार नम्र बोलेल, तुमच्या रक्तदाबाची चौकशी करेल. ऐकून घ्या, पण माझ्या वतीने कसलाच शब्द देऊ नका.

नवीन घर एका खोलीचं आहे, खिडकीतून मॅपलचं झाड दिसतं. लग्नात तुम्ही दिलेला मिरजेचा तंबोरा मी बरोबर आणला. तिकडे तो ‘भिंतीला शोभत नाही’ म्हणून सहा वर्षं गॅरेजमध्ये होता. येताना गाडीत पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा लावून. भोपळा शाबूत आहे. खर्जाची तार तुटली आहे, जोडीच्या तारा गंजल्या आहेत, आणि तारांना गुंज देणारी घोडीवरची जवारी पार बसली आहे, नुसता ठक् ठक् वाजतो. इथे जवारी काढणारं कुणी मला माहीत नाही. डिसेंबरमध्ये याल तेव्हा तारांचा एक संच घेऊन या, आणि जवारीचा दोराही. तोवर मी त्याच्यावर ओलं फडकंसुद्धा फिरवत नाही.

तुमची,
सुमी