सूचना: पोर्चवरचा किडा चपलेने चिरडू नका

मंडळी, काल ग्रुपवर जो "मोठा ढेकूण" फोटोत आला तो बहुतेक किसिंग बग आहे. आपल्या टेक्सासमध्ये उन्हाळ्यात हे निघतातच. साधारण इंचभर लांब, काळपट, डोकं निमुळतं आणि पोटाच्या कडेने केशरी-लाल पट्टे. पाठीवर दातेरी चाकासारखं काही असेल तर तो वेगळा, व्हील बग.

रात्री झोपेत ओठांजवळ, डोळ्यांजवळ चावतो म्हणून हे नाव, पण खरी भानगड चावण्यात नाहीये, तो रक्त पिता पिता तिथेच शी करतो आणि आपण झोपेत खाजवलं की ती जखमेत नाहीतर डोळ्यात जाते, त्यातून चागस रोगाचे परजीवी शिरतात. (१९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस चागस यांनी शोधला.) वर्षानुवर्षं काही कळत नाही, मग काहींचं हृदय बिघडतं. अर्थात प्रत्येक किड्यात परजीवी नसतो, आणि इथे माणसांना अशी लागण क्वचितच होते.

तर रात्री पोर्चचा लाईट बंद ठेवा, लाकडांची चवड भिंतीपासून लांब, कुत्रा रात्री घरात घ्या, कुत्रे हे किडे खातात आणि त्यांनाही लागण होते. सापडलाच तर उघड्या हाताने नको, पिशवी उलटी घालून डबीत पकडा आणि टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीच्या किसिंग बग टीमला फोटो पाठवा. चावल्याची शंका असेल तर डॉक्टरांना "चागस" हा शब्द सांगून विचारा.

आणि प्लीज, हे भारतात आईबाबांना फॉरवर्ड करू नका, उगाच आपल्याला रात्री दोनला फोन येतात.